दोरीचं दुसरं टोक

कॅमेरा सेकंडहॅन्ड, लग्नं काढून काढून दमलेला.
पट्ट्यावर अजून शिवलेलं आहे: मृगनयन फोटो, गडहिंग्लज.
म्हणून मी जाईन तिथं कुणीतरी विचारतंच,
मुहूर्त कितीचा हाय?

इंगवले मॅडमनी पहिल्या तासाला फळ्यावर
छिद्र, वेग, आयएसओ एवढंच लिहिलं
आणि खडू ठेवत म्हणाल्या, बाकीचं पायात असतं.
आम्ही तेही वहीत उतरवून घेतलं.

पाडव्याला घाटावर म्हशी आल्या सजून,
शिंगांना हिंगूळ, गळ्यात कवड्या, कपाळावर मोरपीस,
आणि पाठीवरचे केस कातरून काढलेलं
मालकाचं नाव, आडनावासकट.
मी काढत सुटले.
स्क्रीनवर बघते तर प्रत्येक म्हैस राखाडी,
जशी काही राखेत लोळून आलीय.

मीटर भोळा असतो, मॅडम म्हणाल्या.
त्याला वाटतं सगळं जग मध्यम रंगाचं.
काळं दिसलं की तो घाबरून उजेड वाढवतो.
तू सांग त्याला, ही काळीच आहे,
दीड स्टॉप खाली उतर.

उतरले.
मग चिमणी आली फ्रेममध्ये.
साडेपाचशे किलोची म्हैस, नाव चिमणी,
पंचगंगेच्या उन्हात ओल्या डांबरासारखी.
मालक रेडेकर मिशीला पीळ भरून शेजारी,
म्हणाले, पेपरात तिचं नाव आधी घाला, माझं मागनं.
उजवीकडनं एक हात येत होता, मळक्या बाहीचा.
दोन पावलं सरकून मी तो काढून टाकला.

वर्गात भिंतीवर चिमणी केवढी मोठी झाली.
टाळ्या वाजल्या. मॅडम मात्र पुढं गेल्या,
बोटानं दोरीवरून चालत चालत
फोटोच्या काठाला थांबल्या.
ही कुठं जाते?
फ्रेमच्या बाहेर, मॅडम.
ते दिसतंय मला. बाहेर कुठं?

दुसऱ्या दिवशी गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
पहाटे पाचला, कानाला मफलर.
आयएसओ बत्तीसशेवर, फोटोत ज्वारीचं पीठ सांडल्यासारखे दाणे.
पेल्यात धार पडत होती, फेस वर येत होता,
आणि दोरीच्या त्या टोकाला तो बसलेला,
माझ्याच वयाचा, निपाणीच्या पलीकडचा.
नाव सांगितलं त्यानं.
मग म्हणाला, लिहू नकोस.

घरी म्हाईत न्हाई.
आईला सांगितलंय, गोकुळ शिरगावात कंपनीत हाय,
मशीनवर. पगाराला मशीनचाच पगार म्हणून धाडतो.
फोटू काढलास तर मोबाईलवर फिरतोय,
चार दिवसांत आईच्या हातात.

बोट बटणावर होतं.
उजेड चांगला होता, खरं सांगते,
ट्यूबलाइटचा एक पट्टा बरोबर त्याच्या गालावर,
असा उजेड पुन्हा मिळत नाही.
मी कॅमेरा खाली घेतला. लगेच नाही.

त्यानं माझ्याकडं एक पेला सरकवला.
म्हणाला, हिचा काढ की.
ही कुणाला सांगणार न्हाई.

जमा केली ती घाटावरचीच,
पण सरकायच्या आधीची, जरा हललेली:
मिशी, मोरपीस, काळीभोर चिमणी,
आणि काठावर मनगटापर्यंतचा एक हात.
खाली ओळ लिहिली, अकरा वेळा खोडून:
चिमणी, मालक रेडेकर यांच्यासह, दिवाळी पाडवा, कोल्हापूर.
दोरी धरणाऱ्याच्या विनंतीवरून त्याचं नाव दिलेलं नाही.

दहापैकी साडेसहा.
बाजूला लाल पेनानं: नदी कलंडली आहे.
कॅमेरा सरळ धरायला शिक.